खोदाईची परवानगी नेमकी कशाची असते?

“काका, परमिशन हाय आमच्याकडं.”

सांगलीत विश्रामबाग असो, मिरजेतली एखादी पेठ असो की कुपवाडची वसाहत, रस्ता खणणाऱ्या सुपरवायझरला कुणी हटकलं की हे उत्तर ठरलेलं. बहुतेक वेळा ते खरंही असतं. परवानगी काढलेली असते, कागद कुठल्या तरी फायलीत असतो आणि विचारणारा माणूस तिथंच गप्प होतो. खरं तर विचारायचं असतं ते त्याच्या पुढचं. परवानगी आहे ती किती मीटरची? रस्त्याच्या कुठल्या कडेने? किती खोल? आणि केबल टाकून झाली की रस्ता पहिल्यासारखा कुणी करायचा, किती दिवसांत?

माझं म्हणणं आधीच सांगतो. गेल्या काही वर्षांत कायदा असा बदलला आहे की दूरसंचाराची लाइन टाकू द्यायची की नाही, यात महापालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या हातात फार थोडं उरलं आहे. तिचा खरा अधिकार चालतो तो परवानगीच्या अटी लिहिताना आणि चर बुजवला जातो त्या दिवशी. नेमकं त्याच दिवशी जागेवर पालिकेचं कुणी नसतं. आपल्या रस्त्यांची निम्मी दुखणी तिथून सुरू होतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी बघायचं, रस्ता कुणाचा

सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून १९९८ साली महानगरपालिका झाली. तिला महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ लागू होतो. त्यानुसार शहरातले सार्वजनिक रस्ते महापालिकेकडे निहित असतात आणि त्यांवर आयुक्तांचं नियंत्रण असतं. साताऱ्यात नगरपरिषद आहे. तिचा कायदा १९६५ चा, आणि तिथे प्रशासनाचा प्रमुख मुख्याधिकारी. नागरिकाने अर्ज कुणाच्या नावाने करायचा, एवढ्यापुरता हा फरक लक्षात ठेवला तरी पुरे.

पण शहराच्या हद्दीतला प्रत्येक रस्ता पालिकेचाच असतो असं मात्र नाही. काही रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाचे, काही राष्ट्रीय महामार्गाचे. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत एमआयडीसी येते. मिरजेत रूळ ओलांडायचे तर रेल्वेची वेगळी मंजुरी घ्यावी लागते. साताऱ्याच्या कडेने पुणे–बेंगळुरू महामार्ग जातो, त्याच्या हद्दीत नगरपरिषदेचा कागद चालत नाही. त्यामुळे एकच केबल टाकताना कंपनीला तीन-चार कार्यालयांचे उंबरे झिजवावे लागू शकतात. नागरिकाचीही इथेच गल्लत होते. तक्रार पालिकेकडे जाते आणि महिनाभराने उत्तर येतं की सदर रस्ता आमच्या ताब्यात नाही. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारावा.

आणखी एक गोष्ट. परवानगी मिळाली म्हणून जमीन कंपनीची होत नाही. कंपनीला मिळतो तो मार्गाधिकार, म्हणजे तिथे लाइन टाकण्याचा, ठेवण्याचा आणि तिच्या दुरुस्तीसाठी येण्याचा हक्क. जागेची मालकी होती तिथेच राहते. तो हक्क एकाच कंपनीला बहालही करता येत नाही. एकीला दिला तसा दुसरीने मागितला तर तिलाही भेदभाव न करता द्यावा लागतो.

कायदा काय म्हणतो

१८८५ च्या तार कायद्यावर आपलं टेलिफोनचं सगळं काम जवळजवळ १४० वर्षं चाललं. मार्गाधिकारासाठी केंद्राने स्वतंत्र नियम केले ते २०१६ साली. पुढे दूरसंचार अधिनियम, २०२३ आला आणि त्याखालचे मार्गाधिकाराचे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले. आज एखाद्या कंपनीला फायबर टाकायचं असेल तर ती ऑनलाइन पोर्टलवर अर्ज करते. मार्गाचा नकाशा, लांबी, खोदाईची पद्धत, काम कधी सुरू होणार आणि किती दिवस चालणार, हे सगळं त्यात द्यावं लागतं.

इथून पुढचं नीट समजून घेण्यासारखं आहे. अर्ज आल्यापासून ६७ दिवसांत पालिकेने होकार किंवा नकार कळवायचा असतो. नकार द्यायचा तर लेखी कारणं हवीत. मुदत उलटली आणि पालिका गप्पच राहिली, तर परवानगी मिळाली असंच धरलं जातं. फाइल टेबलावर पडून राहिली म्हणून कंपनीचं काम अडत नाही. उलट अशी मानीव परवानगी झाली की स्थानिक परिस्थिती बघून स्वतःच्या अटी घालायची पालिकेची संधी हुकते. अमुक गल्लीत जुनी जलवाहिनी आहे, तमुक रस्ता गेल्याच महिन्यात केलाय, शाळेसमोर दिवसा खणू नका, असल्या गोष्टी मग कागदावर येतच नाहीत.

शुल्काचंही तसंच आहे. पूर्वी प्रत्येक शहर आपापला दर लावायचं आणि काही ठिकाणी तो फार चढा असायचा. २०१६ च्या नियमांनी जमिनीखालच्या लाइनसाठी प्रशासकीय शुल्काची कमाल मर्यादा किलोमीटरला १,००० रुपये ठरवली. नियमांत सांगितलेल्या रकमांपलीकडे पालिकेला दुसरा कुठलाही आकार लावता येत नाही. जमिनीत टाकलेल्या केबलवर मालमत्ता कर बसवायचा मार्गही २०२३ च्या कायद्याने बंद केला. वाद झालाच तर तो जिल्हाधिकाऱ्यांसमोर जातो.

काही जणांना हे सगळं कंपन्यांच्या सोयीचं वाटतं. मला तसं वाटत नाही. मिरजेतल्या दवाखान्यांपासून जत-आटपाडीच्या पोरांच्या ऑनलाइन फॉर्मपर्यंत सगळं या काचेच्या तंतूवर चालतं. केवळ कागद हलत नाही म्हणून ते जाळं वर्षभर लटकणं बरोबर नव्हतं. परवानगी लवकर द्यायलाच हवी. पण ज्या कायद्याने अडवायचा अधिकार कमी केला, त्याच कायद्याने रस्ता पूर्ववत करून घ्यायचा अधिकार पालिकेकडे शाबूत ठेवला आहे. तो वापरला जात नाही, ही माझी तक्रार आहे.

पैसे भरले, की स्वतः बुजवणार?

सगळ्या विषयातला सगळ्यात कामाचा प्रश्न हा आहे. सामान्य माणसाला तो माहीतच नसतो.

रस्ता पूर्ववत करण्याच्या दोन वाटा आहेत. पहिल्या वाटेत कंपनी दुरुस्तीचा खर्च आधीच पालिकेकडे भरते. रक्कम सरकारी दरसूचीप्रमाणे, रस्ता डांबरी आहे की काँक्रीटचा की पेव्हर ब्लॉकचा, हे पाहून काढली जाते. मग कंपनी केबल टाकते, माती लोटून चर वरवर बंद करते आणि निघून जाते. वरचं खडीकरण-डांबरीकरण ही पालिकेची जबाबदारी. दुसऱ्या वाटेत कंपनी स्वतः रस्ता होता तसा करून द्यायची लेखी हमी देते. तिने शब्द पाळावा म्हणून पालिका तिच्याकडून बँक हमी घेऊन ठेवते, म्हणजे कंपनी चुकली तर पैसे बँकेने द्यायचे.

आता आपल्या दारातला चर तीन महिने तसाच उघडाबोडका पडलाय असं समजा. पहिली वाट असेल तर कंपनीला शिव्या देऊन उपयोग नाही. तिने पैसे भरलेत. अडलंय ते पालिकेत, कारण त्या पैशांतून काम करायचं तर अंदाजपत्रक, निविदा, ठेकेदार, कार्यादेश हे सगळं व्हावं लागतं आणि एका गल्लीच्या ४०० मीटरसाठी कुणी वेगळी निविदा काढत नाही. असे तुकडे साठत जातात आणि मध्येच पावसाळा येतो. शिवाय खोदाईपोटी आलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवली नसेल तर ती सर्वसाधारण निधीत मिसळून पगार-वीजबिलात जाऊ शकते. दुसरी वाट असेल तर मात्र पालिकेच्या हातात हमीचा कागद आहे. नोटीस द्या, मुदत द्या, नाही केलं तर हमी वटवा. सरळ मार्ग आहे.

त्यामुळे “काम कुणाचं?” यापेक्षा “रक्कम भरून घेतली आहे का, की बँक हमी घेतली आहे?” असं विचारावं. उत्तर मिळालं की पुढे कुणाच्या मागे लागायचं ते आपोआप कळतं.

मोजमापाची एक गंमत नसलेली गोष्टही इथेच सांगतो. समजा शामरावनगरसारख्या भागात ४०० मीटर लांब चर खणायचा आहे, वरची रुंदी ४५ सेंटीमीटर. म्हणजे १८० चौरस मीटर डांबर फुटणार. हिशेब त्यावरच होतो. पण जेसीबीच्या दातांनी डांबर सरळ रेषेत फुटत नाही. चराच्या दोन्ही कडा खालून पोकळ होतात, वर नुसती डांबराची साय उरते. दुचाकी गेली की ती तुटते. नीट दुरुस्ती करायची तर दोन्ही बाजूंनी निदान १५-१५ सेंटीमीटर डांबर कटरने सरळ कापून काढावं लागतं. रुंदी झाली ७५ सेंटीमीटर आणि क्षेत्रफळ ३०० चौरस मीटर. वसुली १८० ची, काम ३०० चं. मधल्या १२० चौरस मीटरचा खर्च आपण घरपट्टीतून भरतो, नाहीतर ते काम होतच नाही. अंदाजपत्रक काढतानाच कापायची रुंदी धरली तर हा प्रश्न उद्भवत नाही, आणि त्यासाठी कुठलाही नवा कायदा लागत नाही.

चराच्या पोटात

बीएसएनएलच्या जुन्या पद्धतीप्रमाणे साध्या मातीत फायबरची नळी १६५ सेंटीमीटर खोल टाकायची असते. मध्यम उंचीचा माणूस आत उभा राहिला तर जेमतेम डोक्याचा माथा वर दिसेल एवढं हे खोल. खडक लागला तर कमी खोली चालते, पण मग वरून काँक्रीटचं कवच द्यावं लागतं. गल्लीबोळांतल्या घाईच्या कामात गुडघाभर खणून नळी टाकलेली मी पाहिली आहे. वरवरची केबल पुढच्या खोदाईत तुटणारच. तुटली की पुन्हा खोदाई.

खोली बरोबर असली तरी खरी परीक्षा भरावाची असते. चर तळाला ३० आणि वर ४५ सेंटीमीटर रुंद, १६५ सेंटीमीटर खोल आणि ४०० मीटर लांब धरला तर जवळजवळ २५० घनमीटर माती बाहेर निघते. ती परत आत घालायची रीत अशी: नळीच्या भोवती आधी बारीक माती किंवा वाळू, दगड-गोटे अजिबात नाहीत. त्यावर १५ ते २० सेंटीमीटरचा एक थर, पाणी मारायचं, रॅमरने ठोकायचं. मग दुसरा थर. असे आठ-दहा थर झाले की वर खडीचा थर, त्यावर डांबर. मध्ये एका पातळीवर इशारा देणारी रंगीत पट्टी अंथरायची, म्हणजे पुढे कुणी खणलं तर फावड्याला आधी पट्टी लागावी.

होतं काय, तर सगळी माती एका झटक्यात बकेटने लोटली जाते, वरून जेसीबीचं चाक दोनदा फिरवलं की काम झालं. अशा भरावात पोकळ्या राहतात. पहिल्या मोठ्या पावसात पाणी आत शिरतं, माती खाली बसते आणि चर वीतभर खचतो.

सांगलीत याला काळ्या मातीची जोड आहे. कृष्णाकाठची ही माती शेतीला सोनं, पण रस्त्याखाली वैरी. भिजली की फुगते, वाळली की आक्रसते आणि भेगाळते. तीच माती चरात परत घातली तर उन्हाळ्यात भेगा आणि पावसाळ्यात फुगवटा, असं दरवर्षी चालू राहतं. वरचं डांबर कितीही चांगलं असलं तरी त्याखालची जमीन हलते म्हटल्यावर ते टिकणार कसं? म्हणून रस्त्यातल्या चरात काळी माती परत घालू नये. ती उचलून न्यावी आणि मुरमाने चर भरावा. ही एक अट परवानगीपत्रात ठळक लिहिली आणि जागेवर पाळून घेतली, तर शहरातले निम्मे खचलेले चर टळतील. मुरूम आणायला आणि काळी माती हलवायला पैसे लागतात, म्हणूनच ही अट गाळली जाते.

साताऱ्याचं दुखणं वेगळं. अजिंक्यताऱ्याच्या उताराला वसलेलं गाव, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. तिथे ब्रेकर लावून फोडावं लागतं आणि निघालेले दगडच चरात परत जातात. दगडांच्या मध्ये फटी राहतात. रस्ता उताराचा असेल तर असा चर पावसाळ्यात पाटासारखा वाहायला लागतो. पाणी वरून दिसत नाही, पण आतल्या आत बारीक माती धुऊन नेतं आणि खालच्या अंगाला कुणाच्या तरी जोत्यापाशी निघतं. उतारावर ठरावीक अंतराने चराला आडवी चिकणमातीची किंवा काँक्रीटची भिंत घालणं हा त्यावरचा जुना उपाय आहे.

खाली आणखी कोण कोण आहे

रस्त्याखाली एकटी केबल नसते. पिण्याच्या पाण्याची वाहिनी, ड्रेनेज, महावितरणची केबल, आता गॅस. सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे मिळून शहरी गॅस वितरणाचं एकच क्षेत्र आहे, त्यामुळे दोन्हीकडे पिवळ्या नळ्यांची कामं दिसतात. कुणी किती खोल आणि कुठल्या कडेला जायचं, याबद्दल इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शक सूत्रं आहेत. नवी वसाहत आखताना ती उपयोगी पडतात. सांगलीच्या गावभागातल्या किंवा साताऱ्याच्या जुन्या पेठांतल्या दहा-बारा फुटी गल्लीत मात्र जो आधी आला त्याने जागा धरली, असं झालेलं असतं.

सगळ्यात नाजूक असतो तो घरगुती नळजोड. मुख्य वाहिनीपासून आपल्या मीटरपर्यंत येणारी ही बारीक नळी बऱ्याचदा फूट-दीड फुटावरच असते आणि ती कुठल्याच नकाशावर नसते. जेसीबीने ती तुटली तर मजूर रबर गुंडाळून वरून माती ढकलतात. पाणी आलं तेव्हा थोडं गळतं, कुणाच्या लक्षात येत नाही. पण आपल्याकडे पाणी चोवीस तास नसतं. पुरवठा बंद झाला की नळीतला दाब जातो आणि त्याच फटीतून बाहेरचं साचलेलं पाणी आत ओढलं जातं. शेजारून गळकी ड्रेनेज जात असेल तर पुढचं सांगायला नको. खोदाईनंतर आठवडाभर नळाला गढूळ किंवा वास येणारं पाणी आलं तर ते रस्त्याच्या खात्याकडे न नेता थेट पाणीपुरवठा विभागाकडे लेखी कळवावं आणि पाणी उकळून प्यावं.

हल्ली उघडा चर टाळण्यासाठी आडवं ड्रिलिंग करतात. दोन टोकांना खड्डे घेऊन मधून जमिनीखालून नळी ओढायची. सांगली–मिरज रस्त्यासारख्या वाहत्या रस्त्यावर हीच पद्धत योग्य, कारण डांबर फुटत नाही आणि वाहतूक थांबत नाही. तिचा धोका असा की ड्रिल आंधळं जातं. वाटेत ड्रेनेजची वाहिनी असेल तर तिच्या पोटातून आरपार केबलची नळी निघून जाते आणि त्या दिवशी कुणाला काही कळत नाही. कचरा त्या नळीला अडकत राहतो आणि सहा-आठ महिन्यांनी एखाद्या चौकातलं चेंबर उफाळून येतं. म्हणून ड्रिलिंगच्या आधी सगळ्या खात्यांची संयुक्त पाहणी आणि संशयाच्या जागी हाताने खणलेला चाचणी खड्डा, या दोन गोष्टींना पर्याय नाही.

यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचं ॲप आणलं. खणणाऱ्याने जागा आणि तारीख त्यावर टाकायची. त्या भागात ज्यांच्या वाहिन्या आहेत त्यांना सूचना जाते, आणि ते आपली लाइन कुठून गेली आहे ते कळवतात. खणण्याआधी असं कळवणं नियमाने बंधनकारकच आहे. फायबरपुरतंच बोलायचं तर बेपर्वा खोदाईने देशात वर्षाला साधारण १० लाख वेळा केबल तुटते आणि सुमारे ३,००० कोटी रुपयांचं नुकसान होतं, असा सरकारचाच अंदाज आहे. पण ज्या कार्यालयाने आपली वाहिनी नकाशावर चढवलेलीच नाही, ते काय कळवणार? काम झाल्यावर प्रत्यक्षात लाइन कुठून गेली त्याचा नकाशा कंपनीकडून घेणं आणि तो जपून ठेवणं, हे पालिकेचं काम आहे. आज ही माहिती बऱ्याच ठिकाणी एखाद्या जुन्या फिटरच्या डोक्यात असते. तो निवृत्त झाला की ती त्याच्याबरोबर घरी जाते.

वीज, गॅस, पाणी यांचे कायदे वेगवेगळे आहेत. विद्युत अधिनियम, २००३ ने वीज कंपनीला रस्ता उघडायचा अधिकार दिला, पण त्याच कलमात कमीत कमी नुकसान आणि गैरसोय करायची आणि झालेल्या नुकसानीची पूर्ण भरपाई द्यायची, असंही बजावलं आहे. गॅसची नळी किमान एक मीटर खोल हवी, वर इशारा-पट्टी आणि मार्गदर्शक खुणा हव्यात. पालिकेचं स्वतःचं ड्रेनेज किंवा पाण्याचं काम असेल तर परवानगीचा प्रश्नच येत नाही, आणि माझ्या मते सर्वाधिक नासाडी तिथे होते. बांधकाम विभाग रस्ता करतो आणि पाणीपुरवठा विभाग पंधरवड्याने तोच फोडतो. एका इमारतीतल्या दोन खात्यांनी वर्षाच्या सुरुवातीला एकत्र बसून खोदाईचं वेळापत्रक लावलं तर हे थांबेल. पावसाळ्याचे चार महिने खोदाई बंद ठेवायची बहुतेक पालिकांची रीत आहे. त्यामुळे मे महिन्यात सगळ्यांची एकदम झुंबड उडते आणि नेमके तेच चर कच्चे राहून पावसात सापडतात.

नव्या रस्त्याचं एक वेगळं त्रांगडं असतं. ठेकेदारावर ठरावीक वर्षं दोषदायित्व असतं, म्हणजे रस्ता उखडला तर त्याने फुकट दुरुस्त करायचा. त्या काळात कुणी चर खणला की ठेकेदार हात वर करतो, “साहेब, कुणीतरी खणलंय, माझा काय संबंध?” पालिकेने खोदाईच्या परवानगीत अमुक मीटरपासून तमुक मीटरपर्यंत असा नेमका तुकडा लिहिला, तर उरलेल्या रस्त्याची जबाबदारी ठेकेदाराच्या गळ्यात राहते. नुसतं “सदर रस्ता” असं मोघम लिहिलं की सगळ्या रस्त्याची हमी बुडाली म्हणून समजा.

वरून लोंबणाऱ्या केबलींनाही परवानगी लागते, हे पुष्कळांना माहीत नाही. खांबावर, झाडावर, गच्चीच्या कठड्यावर जाळी झालेली असते. त्यातल्या कित्येक केबली बंद पडलेल्या असतात, पण काढत कुणीच नाही. मिरजेच्या विसर्जन मिरवणुकीआधी स्वागत कमानी उभ्या राहायला लागल्या की यांची आठवण होते. चार दिवस काठ्यांनी वर ढकलल्या जातात आणि अनंत चतुर्दशी झाली की परत खाली येतात. परवानगी घेऊन टाकलेल्या केबलला मालकाच्या नावाची पट्टी असावी आणि बेनामी केबल पालिकेने कापावी, एवढं केलं तरी आकाश मोकळं होईल.

नागरिकाने काय करावं

काम चालू असताना परवानगीचा क्रमांक विचारावा. तोंडी नको, कागद किंवा मोबाईलवरचा फोटो मागावा. त्यात मार्ग, लांबी, रुंदी, खोली, मुदत आणि अटी असतात. जागेवरचं काम त्याच्याशी ताडून बघावं. चरात मेजर टेप सोडून एक फोटो काढला तर पुढे दहा अर्जांचं काम तो एकटा करतो. फोटोत शेजारच्या घराची भिंत किंवा खांबाचा नंबर यावा, म्हणजे जागेबद्दल वाद राहत नाही. गॅसचा वास आला तर मात्र फोटो वगैरे काही नाही. सगळ्यांनी लांब व्हायचं, कुठलंही बटण दाबायचं नाही आणि लांब गेल्यावरच फोन करायचा.

कागद दाखवला नाही तर माहिती अधिकारात मागता येतो. अर्जाला १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. याच कायद्यात एक कमी वापरलेली तरतूद आहे. नागरिकाला सरकारी कामाची प्रत्यक्ष पाहणी करायचा आणि वापरलेल्या साहित्याचा प्रमाणित नमुना मागायचा हक्क आहे. पालिका स्वतः करून घेत असलेल्या डांबरीकरणाला तो सरळ लागू होतो. अर्जात “रस्त्याची माहिती द्या” असं मोघम न लिहिता परवानगीपत्राची प्रत, भरलेल्या रकमेची पावती किंवा बँक हमीची प्रत, संयुक्त पाहणीचा अहवाल आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला, अशी नावं घेऊन मागावं.

खचलेल्या चरात पडून कुणी जखमी झालं तर गप्प बसू नये. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्डे आणि उघडी मॅनहोल यांमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख आणि जखमींना इजेप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाईचा आदेश दिला आहे. दवाखान्याचे कागद आणि जागेचा फोटो जपून ठेवावा.

आणि बँक हमीवर लक्ष ठेवावं. काम पूर्ण झाल्याचा दाखला मिळाला की कंपनी हमी परत मागते. तेव्हा चर वरून गुळगुळीत असतो. माझ्या मते एक पावसाळा अंगावरून गेल्याशिवाय हमी सोडूच नये आणि ही अट परवानगीपत्रातच असावी. नसली तरी नागरिकाने आपल्या परीने ती वेळ गाठता येते. पहिला मोठा पाऊस होऊन गेला की गल्लीतल्या चार-पाच घरांनी मिळून शहर अभियंत्यांच्या नावे, साताऱ्यात मुख्याधिकाऱ्यांच्या नावे, एक पानी अर्ज द्यावा: अमुक क्रमांकाच्या परवानगीने खणलेला चर अमुक घरापासून तमुक घरापर्यंत इतके सेंटीमीटर खचला आहे, फोटो जोडले आहेत, दुरुस्ती होऊन पाहणी होईपर्यंत संबंधित कंपनीची हमी सोडू नये. अर्ज आवक-जावक विभागात द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह आवक क्रमांकाचा शिक्का मारून घ्यावा.